कारणाचा रकाना

भिंतीवरच्या चित्रातला माणूस समोरच्याला नोकरीवरून काढून टाकत होता, आणि तो माणूस आपणच आहोत हे साहेबांना जरा उशिराच कळलं. आधी ओळखीचा वाटला तो स्वेटर. राखाडी, कोपराशी विरलेला, बायकोने तीनदा बाद ठरवलेला. मग टक्कल. मग दोन्ही हातांची छातीवर घातलेली घट्ट घडी, उजव्या खांद्यावरून भिंतीकडे वळलेली हनुवटी, दाराच्या दिशेने निघालेला एक पाय. ओठ हलत होते की नाही ते कळायला निरखून बघावं लागत होतं. समोर भांडारातला गोलमटोल कारकून उभा होता आणि दर क्षणाला थोडा थोडा लहान होत होता. सकाळच्या सरावाचं हे चित्रण दाखवताना प्रशिक्षक मुलीने आवाज मुद्दाम बंद ठेवला होता. "आता सांगा, हे सर काय म्हणत असतील?" तिने विचारलं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "उद्यापासून येऊ नका!" दुसरा म्हणाला, "दार तिकडे आहे!" सभागृह हसलं, भांडारवाला सगळ्यांत जास्त हसला. मग मुलीने आवाज चालू केला आणि त्या राखाडी स्वेटरमधून, तळघरातून आल्यासारखा, साहेबांचा आवाज आला: "तुमचं काम मला मनापासून आवडतं. तुम्ही नसाल तर माझं अडेल." वाक्य तिनेच चिठ्ठीवर लिहून दिलेलं होतं, सगळ्यांना तेच. आधीपेक्षा मोठा हशा झाला. त्यात वाईट काही नव्हतं. साहेबही हसले, म्हणजे आपण हसलो असं त्यांना वाटलं. भिंतीवर जे पाहिलं त्यानंतर त्यांना याचीही खात्री देता येईना.

"राग मानू नका हं सर," मुलगी म्हणाली. त्यांच्या लेकीच्या वयाची होती, पायांत धावायचे बूट, एका जागी उभं राहणं तिला ठाऊक नसावं. "आपण बोलतो त्याच्या आधी आपलं अंग बोलून मोकळं होतं, एवढंच मला दाखवायचं होतं." मग तिने नियम सांगितले. डोळ्यांत बघा. हाताची घडी सोडा, तळवे दिसू द्या. किंचित पुढे झुका. पाय समोरच्याकडे ठेवा. साहेबांनी ते वहीत एकाखाली एक, क्रमांक घालून उतरवून घेतले. अक्षर नेहमीसारखं सरळ आलं. पण त्यांचं मन भांडारवाल्यापाशी नव्हतंच. चिठ्ठीवरचं ते वाक्य त्यांनी गेल्या मंगळवारी जवळजवळ त्याच शब्दांत एका माणसाला खरोखर सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाचा बदलीचा अर्ज त्यांच्या टेबलावर होता. आठवडाभर ते त्या अर्जाकडे बघून म्हणत होते की मी तर राहा म्हणालो.  मंगळवारी खोलीत कॅमेरा नव्हता, पण बाईंना डोळे होते.

बाई म्हणजे तळघरातल्या काट्याच्या खोलीच्या बाई. त्या इमारतीत वजनांची वजनं होत. गावोगावच्या दुकानांतली, इस्पितळांतली, औषधांच्या कारखान्यांतली वजनं तिथे येत आणि खरी आहेत की नाहीत ते ठरवून परत जात. साधी वजनं पहिल्या मजल्यावर, मोठी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणि अगदी बारीक, नखावर मावतील अशी, तळघरात. तिथला काटा दगडी चौथऱ्यावर, काचेच्या पेटीत बसलेला. त्याच्या खोलीत माणूस शिरला तरी त्या माणसाच्या अंगाची ऊब काट्याला कळायची, आणि आकडे शांत व्हायला वीस-वीस मिनिटं लागायची. एकतीस वर्षांपूर्वी साहेब नोकरीला लागले तेव्हा त्या खोलीवर एका म्हाताऱ्याचं राज्य होतं. सगळे त्याला वस्ताद म्हणत. वस्तादाने पहिल्या दिवशी आकडे दाखवलेच नाहीत, उभं राहायला शिकवलं. हात अंगाशी, नाहीतर छातीवर. तोंड भिंतीकडे. बोलायचंच झालं तर खांद्यावरून, हळू, श्वास कॉलरमध्ये सोडून. भिंतीलगतच्या पिवळ्या पट्टीवरून चालायचं. "आपण इथे नाहीच असं काट्याला वाटलं पाहिजे," वस्ताद म्हणायचा. "त्याला तू दिसलास की तू कामातून गेलास." पंचवीस वर्षांच्या पोराला हे फार आवडलं. लहानपणापासून त्याला घरातली माणसं सांगत आली होती की जरा बोल, जरा हस, असा खांबासारखा काय उभा राहतोस, आणि इथे एक अख्खी खोली होती जिथे खांबासारखं उभं राहणाऱ्याला शाबासकी होती.

नोंदवहीत शेवटचा रकाना कारणाचा होता. मोजणी बिघडली तर का बिघडली ते तिथे लिहायचं आणि खाली वरिष्ठाची सही घ्यायची. कंप. हवेचा झोत. दार उघडले. रस्त्यावरून जड वाहन गेले. वस्ताद त्या रकान्यावर बोट ठेवून काही न बोलता नुसता बघायचा, आणि ते बघणं चार थोबाडीत मारल्यापेक्षा जास्त लागायचं. बावीस वर्षांत साहेबांच्या नावावर त्या रकान्यात फक्त नऊ ओळी होत्या. शेवटची चौदा वर्षांपूर्वीची. त्या ओळीत एकच शब्द होता, शिंक. पुढे ते विभागाचे प्रमुख झाले, वर खिडकीवाली खोली मिळाली, टेबल मिळालं, पण अंग तळघरातलंच राहिलं. पाठीमागे लोक त्यांना पुतळा म्हणतात हे त्यांना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा त्यांना छुपा अभिमानही होता. पुतळा असणं सोपं नाही, असं ते मनात म्हणत. सभागृहात आता लोक खुर्च्या सरकवत जोड्याजोड्यांनी दुसरा सराव करत होते, एकमेकांना तळवे दाखवत होते, आणि साहेब वहीत बघत बसले होते. त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. ती आठवणं त्यांना नको असायचं, कारण तिच्यात आपण मूर्ख ठरतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

लेक झाली तेव्हाची गोष्ट. तीन तासांची, लालबुंद, गुंडाळलेली. परिचारिकेने त्यांच्या हातात दिली आणि त्यांनी ती घेतली, छातीशी धरली, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. श्वास कॉलरमध्ये. एवढं हलकं, एवढं नेमकं काहीतरी हातात आहे आणि आपला श्वास तिला लागता कामा नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्या क्षणी त्यांना जितका आनंद झाला तितका आधी कधी झाला नव्हता आणि नंतरही झाला नाही. पलंगावरून बायको बघत होती. ती पोहायला शिकवायची, मोकळ्या गळ्याची, हात पसरून बोलणारी; तलावाच्या या काठावरून त्या काठावरच्या पोराचे खांदे बघून ते आता घाबरणार की नाही ते सांगायची. तिने बघितलं आणि काही बोलली नाही. सात वर्षांनी, कुठल्याशा फुटलेल्या बरणीवरून भांडण झालं, तेव्हा ते तिच्या तोंडून बाहेर पडलं. "मुलगी झाली म्हणून तोंड फिरवलंस तू. मी पाहिलंय." साहेबांना आधी कळेचना. मग कळलं तेव्हा ते पायरीवर मटकन बसले आणि म्हणाले, "अगं, तिला वारं लागू नये म्हणून." बायको मग हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि मग खांद्यावर एक सणसणीत थापड मारून म्हणाली, "अरे बाबा, ती काय वजन होती?" नंतर तो त्यांच्या घरातला विनोद झाला. पण सात वर्षं ती बाई ते मनात घेऊन त्यांच्याशी संसार करत होती, डबा भरून देत होती, तापात कपाळावर हात ठेवत होती. साहेबांना त्या विनोदावर कधीच पुरतं हसता आलं नाही.

बाईंच्या बाबतीत सात वर्षं नव्हती. आज संध्याकाळी पाचपर्यंतचाच वेळ होता. पाच वाजता मुख्य कचेरीचा माणूस येणार, बदल्यांची यादी बंद होणार. अर्जावर साहेबांनी 'हरकत नाही' लिहिलं तर बाई महिनाअखेर दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जाणार. 'हरकत आहे' लिहिलं तर त्या इथेच राहणार, त्यांनी बांधून ठेवलं म्हणून, आणि रोज काट्यापाशी उभं राहून त्यांच्याबद्दल तेच मानणार जे आज मानतात. दोन्ही शब्द साहेबांनी आठवडाभर मनात लिहून खोडले होते. अकरा वर्षांपूर्वी बाई आल्या तेव्हा उभं राहायला त्यांना साहेबांनीच शिकवलं. पहिल्याच महिन्यात साहेबांच्या लक्षात आलं की यांचा हात आपल्यापेक्षा चांगला आहे. चिमट्यातलं वजन ठेवताना काट्याला ते ठेवल्याचं कळतच नसे. हे त्यांनी बाईंना कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं हेच सुचलं नव्हतं.

मग सहा महिन्यांपूर्वीची ती चूक. औषधाच्या कारखान्याच्या एका संचात दोन वजनांची प्रमाणपत्रं बाईंच्या हातून उलटसुलट गेली. तिसऱ्या दिवशी त्यांच्याच लक्षात आलं. पांढऱ्याफटक चेहऱ्याने त्या वर आल्या, उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. साहेब खिडकीकडे बघत म्हणाले, "ठीक आहे. बघतो मी." आणि त्यांनी खरंच बघितलं. कारखान्याला फोन केला, वजनं परत मागवली, कुणाचं नुकसान होण्याआधी सगळं निस्तरलं आणि अहवालात लिहिलं की देखरेख माझी होती, चूक माझी आहे. ताकीद आली ती त्यांच्या नावाने आली, त्यांनी ती कपाटात ठेवली आणि विसरून गेले. बाईंना पाळतीवर ठेवल्यासारखं वाटू नये म्हणून तळघरात जाणंही कमी केलं. हे सगळं त्यांना फार शहाणपणाचं वाटलं होतं. गेल्या मंगळवारी बाई पुन्हा वर आल्या. "साहेब, माझ्यावरचा विश्वास गेला असेल तर स्पष्ट सांगा. मी बदली मागते."  साहेब उठले, हाताची घडी घातली, खिडकीपाशी गेले, आणि तावदानाकडे तोंड करून हळू आवाजात म्हणाले, "तसं काही नाही. तुम्ही राहा. तुमच्यावाचून अडेल इथे." बाई "बरं" म्हणून गेल्या. भिंतीवर आवाज बंद करून ते चित्र दाखवलं असतं तर मागच्या रांगेतला माणूस काय ओरडला असता, ते आता साहेबांना स्पष्ट ऐकू येत होतं.

जेवणाच्या सुट्टीत ते प्रसाधनगृहात गेले आणि आरशासमोर उभे राहिले. वही नळाच्या कठड्यावर उघडी ठेवली. नियम एक, डोळ्यांत बघणे. आरशातला माणूस दचकला. नियम दोन, तळवे. त्यांनी दोन्ही हात पुढे करून तळवे दाखवले आणि किंचित झुकले. तेवढ्यात मागचं दार उघडून इमारतीचा वीजतंत्री बाहेर आला. त्याने साहेबांना बघितलं, पसरलेल्या हातांकडे बघितलं, आणि काही न विचारता खुंटीवरचा टॉवेल काढून त्या हातांवर ठेवला. "थँक यू," साहेब म्हणाले. दुसरं काय म्हणणार? कोरडे हात पुसत ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मनात आलं की बाईंसमोर असे तळवे घेऊन गेलो तर त्या रुग्णवाहिका बोलावतील. वहीचं ते पान त्यांनी फाडलं नाही, पण वही खिशात घातली आणि नंतर उघडली नाही.

चारला दहा कमी असताना ते तळघरात उतरले. अर्ज स्वेटरच्या खिशात होता, सहीविना. काट्याच्या खोलीवर लाल दिवा लागलेला होता. लाल दिवा म्हणजे आत मोजणी चालू, कुणीही, अगदी कुणीही, आत जायचं नाही. हा नियम त्यांनीच केलेला, दारावरच्या पाटीखाली त्यांचीच सही. ते बाहेरच्या बाकावर बसले. शेजारच्या फळ्यावर बाईंच्या हातचं लिहिलेलं होतं: सुरुवात १:३५, शेवट अंदाजे ५:३०. दाराच्या चौकोनी काचेतून बाई दिसत होत्या. हात अंगाशी, तोंड भिंतीकडे, एक पाय दाराच्या बाजूला. अंगात राखाडी स्वेटर नव्हता एवढाच फरक. आपण या बाईंना ओळखत नसतो तर काय म्हणालो असतो? शिष्ट आहेत, आपण आलेलं यांना आवडलेलं नाही, असंच म्हणालो असतो. हे उभं राहणं त्यांना कुणी दिलं? वस्तादाने आपल्याला दिलं आणि आपण त्यांना, आणि दोघंही ते अंगावर घेऊन जिने चढून वर गेलो, रस्त्यावर गेलो, घरी गेलो. बाईंच्या घरी कोण कोण आहे हेही आपल्याला नीट माहीत नाही. साहेबांना एकाएकी फार एकटं वाटलं, आणि त्याहून जास्त म्हणजे भीती वाटली. बाई गेल्यावर या खोलीत दुसरं कुणीतरी येईल, मोजणी होत राहील, कदाचित चांगलीही होईल, पण आपण इथे नाहीच असं आपल्याला वाटू न देता आपल्याबरोबर उभं राहणारं माणूस राहणार नाही. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली. मग साडेचार. ते उठले आणि त्यांनी दार उघडलं.

बाईंनी वळून बघितलं नाही. डावा हात नुसता वर केला, थांबा म्हणून. साहेब पिवळ्या पट्टीवरून गेले नाहीत. खोलीच्या मधून, सरळ, एकतीस वर्षांत ज्या फरशीवर पाय ठेवला नव्हता त्या फरशीवरून चालत ते काट्यापाशी गेले आणि बाईंच्या समोर उभे राहिले. छातीवरची घडी सुटली होती. हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून ते लोंबत राहिले.

"साहेब, मोजणी चालू आहे," बाई भिंतीकडे बघत पुटपुटल्या. "श्वास लागेल."

"लागू दे. बाई, इकडे बघा."

त्यांनी बघितलं. त्यांचे डोळे लाल होते हे साहेबांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा दिसलं, कदाचित ते नेहमीच तसे असतील.

"मला तुमच्याइतका भरवसा कुणाचाच नाही," साहेब म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा मोठा आला, खोलीला त्याची सवय नव्हती. "तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. पहिल्या महिन्यापासून. तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. मंगळवारी मी हेच म्हणालो होतो, पण खिडकीला म्हणालो."

बाईंनी नजर हलवली नाही. काचेच्या पेटीशेजारचे आकडे मात्र पळायला लागले होते, शेवटचे चार तर वाचता येत नव्हते.

"चूक झाली तेव्हा वरून ताकीद येईल म्हणून मी वाट बघत होते," त्या मग म्हणाल्या. "आली नाही. वाटलं, तुम्ही ठेवून दिली असेल कुठेतरी. वेळ आली की काढाल."

"ती माझ्या नावाने आली. कपाटात आहे. दाखवू?"

"आणि हे मला सांगितलं नाहीत तुम्ही?"

"नाही."

"का?"

साहेबांचं तोंड आपोआप भिंतीकडे वळायला लागलं होतं, ते त्यांनी परत आणलं. मान दुखली.

"इथे काट्यापाशी तुम्ही तोंड फिरवता ते मला कळतं," बाई म्हणाल्या. "मीही फिरवते. घरी आई म्हणते, जेवताना तरी माझ्याकडे बघून बोल. पण वरच्या खोलीत काटा नव्हता, साहेब."

"माहीत आहे. आजच कळलं."

"मग वर काय होतं?"

"सवय," साहेब म्हणाले. मग थांबून म्हणाले, "आणि भीती. तुम्ही जाल याची. तुमच्याकडे बघून बोललो असतो तर ती तुम्हाला दिसली असती."

बाईंनी ओठ मिटून घेतले. मग मान फिरवून त्यांनी आकड्यांकडे बघितलं आणि एवढा वेळ धरलेला श्वास सोडला, सरळ समोर, काचेवर. काच धूसर झाली.

"तीन तास गेले, साहेब," त्या म्हणाल्या. "पेटी निवायलाच पाऊण तास लागला होता."

"उद्या परत लावू."

"लावू म्हणजे कोण?"

"दोघं."

बाईंनी हात पुढे केला. साहेबांना आधी कळलं नाही, मग कळलं, आणि त्यांनी खिशातला अर्ज काढून त्या हातावर ठेवला. बाईंनी तो उघडून सहीची जागा कोरी आहे ना ते बघून घेतलं, कारण कागद बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही हेही त्यांना साहेबांनीच शिकवलं होतं. मग चार घड्या घालून डब्याच्या पिशवीत टाकला. स्टूल ओढून बसल्या, नोंदवही पुढे घेतली, घड्याळ बघून वेळ लिहिली, मोजणीच्या ओळीवर पट्टीने सरळ रेघ मारली. शेवटच्या रकान्यापाशी पेन जरा थांबलं. साहेब उभे होते आणि छाती भरून श्वास घेत होते, जसा माणूस तळघरातून वर आल्यावर घेतो. बाईंनी दोन शब्द लिहिले, शाईवर फुंकर मारली आणि वही त्यांच्याकडे फिरवली.

"सही करा," त्या म्हणाल्या. "नियम तुमचाच आहे."

साहेबांनी चष्मा नीट केला आणि वाचलं. कंप, झोत, दार उघडले, जड वाहन, दार उघडले, कंप, आणि खाली बाईंच्या बारीक अक्षरात, शाई अजून ओलसर: साहेब बोलले.

त्यांनी पेन मागून घेतलं आणि सही केली.